उन्हाची तपासणी

आमच्या देऊळकर साहेबांना वेडा म्हणणार नसाल, तरच सांगतो.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता. पोलाद तपासायला आमच्याकडे एक रशियन यंत्र होतं. तुकड्यावर ठिणगी पाडायची, तिच्या उजेडातल्या चकाकत्या रेघा पाहून धातू ओळखायचा आणि माल बरोबर निघाला की खडूनं खूण करायची. एका दुपारी मी ठिणगीऐवजी आरशानं ऊनच यंत्रात सोडलं, आणि नेमके साहेब आत आले! माणूस वर्ध्याचा, भारी तापट. यंत्राशी खेळ म्हणजे नोकरी गेलीच समजा.

त्यांनी डोळा लावला.

"लोखंडच होय हे. रेघा जागच्या जागी आहेत. पण काळ्या कावून दिसून राहिल्या? कोणत्या ढिगातला तुकडा?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "सूर्यातला, साहेब. तिथलं लोखंड स्वतःच्याच रंगाचा उजेड गिळून टाकतं, म्हणून काळ्या."

साहेबांनी पुन्हा डोळा लावला. उठेचनात. मी ओरडा खायची तयारी केली.

"इतक्या दूरचं," ते हळूच म्हणाले, "अन् आपल्या राजहऱ्याच्या खाणीतल्यासारखंच?"

"तसंच, साहेब."

त्यांनी खिशातून खडू काढला, खाली वाकले आणि फरशीवर पडलेल्या उन्हावर बरोबरची खूण केली.