मॅच चालू असताना आलेला फोन

तुम्ही हसाल, पण आमच्या ह्यांना अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं वेड आहे. गव्हाणजवळच्या एका गोदामात हे अकरा वर्षं बदलीवर आहेत. कायमचा कामगार आला नाही, तरच सकाळी ह्यांना फोन येतो. महिनाभर फोन आलाच नव्हता, तरी मी रोज डबा भरून ठेवत होते.

त्या दिवशी हे मोबाइलवर मॅच बघत होते. ह्यांच्या टीमचा मुख्य खेळाडू लंगडत बाहेर गेला.

"आता हरणार ना?" मी विचारलं.

"अगं, बाकावर एकाहून एक बसलेत. तीच तर आपली ताकद! कधीतरी त्यांचीही वेळ येतेच."

बाकावरचा एक जण मैदानात उतरला आणि नेमका फोन वाजला. चित्र झाकलं गेलं म्हणून ह्यांनी नंबर न बघताच तो कापला. त्या खेळाडूने पहिलाच बॉल बास्केटमध्ये टाकला. हे टाळ्या वाजवत उठले, मग नंबर बघितला, तर गोदामातल्या सुपरवायझरचा!

लगेच सुपरवायझरला फोन लावला. "साहेब, चुकून कापला गेला. निघालोच मी."

"नको काका, धावपळ करू नका," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "यादीत तुमच्या खालच्याला बोलावला. आपल्याकडं बदलीची माणसं भरपूर हायत."