पाचव्या सुराला घसरणारी बेल

...आणि वर आमची ही मलाच विचारते, "अहो, सोडू कधी?" अगं, सोड म्हटलं की सोड! नाही, तुम्हीच सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे?

विषय काय, तर आमच्या दाराची बेल. बाबांनी स्वतःच्या हातानं केलेली! काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड, दाराच्या आतल्या बाजूला ठोकलेला. बेल दाबली की शीळ वाजते. बाबा कामावरून येताना जिन्यात जी शीळ घालायचे ना, तीच, अगदी सुरासुरासकट! पाचव्या सुराला त्यांचा दम संपायचा आणि शीळ घसरायची, तर बेलसुद्धा तिथंच घसरते... घसरायची.

बाबा गेले, शीळ राहिली. पण आमच्या हिच्या ऑनलाइन शिकवण्या! इकडं पार्सलवाल्यानं बेल दाबली की तिकडं अख्खा वर्ग शिट्ट्या मारतोय. ही म्हणाली, "एक तर बेल बदला, नाहीतर बायको बदला." त्यातल्या त्यात बेल सोपी, असं मला वाटलं. वाटलं हं!

कारण त्या बोर्डात एक बूटलोडर बसलेला असतो. पहारेकरीच म्हणा ना. बोर्डावरचं रीसेटचं बटण दाबून सोडलं की हे महाशय एक सेकंद डोळा उघडणार, केबलमधून कुणी नवीन प्रोग्राम पाठवतंय का बघणार, आणि नसेल तर... झोप! जुनी शीळ चालू! आता बोर्ड दाराशी, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मधे लांबलचक केबल. म्हणजे माणसं लागतात दोन. लहानपणी बटणावर मी असायचो, स्टुलावर चढून, बोट लावून, श्वास रोखून! आतून बाबा, "दाब... धर... सोड!" मी विचारायचो, "आत्ता?" की गेला तो सेकंद! "अरे, सोड म्हटलं की सोड! विचारत काय बसतोस?" सगळ्या बिल्डिंगला पाठ होतं ते. आणि जमलं की बाबा धावत बाहेर यायचे, मला स्टुलावरून उचलून गरागरा फिरवायचे... जाऊ दे.

तर आता आत मी, दाराशी ही. "सोड!" "काय म्हणालात?" वाजली शीळ. "सोड!" "थांबा हो, चष्मा घसरला." वाजली शीळ. आणि दर शिळेला आई हात पुसत येणार, हिला बाजूला सारून दार उघडणार. "कुणी नाही गं." पुन्हा आत!

शेवटी एकदाचं जमलं. टिंगटाँग! ही खूश, मी खूश. आई? हात पुसत आली, तशीच आत गेली. तेव्हापासून बेल वाजते आणि आई जागची हलत नाही. बाहेर पार्सलवाला बोंबलतोय. "आई, बेल!" "आपली नाही ती."

म्हटलं, चला, जुनी घालू परत. कुठून घालू? बाबांचा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, आणि त्या बोर्डात आत घालायची सोय आहे, बाहेर काढायची नाही. नवीन गेलं की जुनं पुसलं! म्हणजे बाबांची शीळ आता जगात कुठंच नाही...

मग बसलो आठवून आठवून एकेक सूर लिहीत. वाजवली. आई म्हणाली, "हा कुणीतरी गाणं शिकलेला दिसतो." अहो, मी पाचवा सूर बरोबर लावला होता! मग तो बिघडवायला बसलो. जास्त बिघडला, तर आई म्हणते, "याला सर्दी झालीय." कमी बिघडला, तर म्हणते, "हा घाईत आहे." इकडं हिचं बोट सुजलं. शेवटी आईच उठली. "सरक गं, मी दाबते." मी आतून ओरडलो, "दाब... धर... सोड!" आणि आई विचारते, "आत्ता?"

नाही हो ओरडलो तिच्यावर. गेला तो सेकंद, जाऊ दिला. पुढच्या खेपेला मात्र बरोबर सोडलं तिनं. शीळ वाजली, पाचव्याला घसरली. आई डोळे पुसतच आत गेली. आणि ही? हीच आता वर्गाला सांगते, "शिट्टी मारायचीच तर मारा, पण पाचव्या सुराला घसरा!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो, बेल दाबली. शीळ वाजली. आतून पावलं... धावत! त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी, धावत! खाडकन कडी निघाली, दार उघडलं, आईचा चेहरा असा फुललेला... आणि माझ्याकडं बघून म्हणते कशी,

"अगंबाई... तूच होय!"