अण्णांच्या गाईंचा खुराक

अरे, मी बनवलेल्या बिअरसाठी शनिवारी पुण्यात टेबल मिळत नाही. पण गावी, राहात्यात कुणी विचारलं, की आमचे वडील, अण्णा, एवढंच सांगायचे, "पोरगं कंपनीत हाय." पुढं विषय बंद.

आता बिअरसाठी आम्ही बार्ली शिजवून तिचा गोड रस काढून घेतो. मागं एकदा उरलेला चोथा पिकअपमध्ये भरून घरी नेला आणि गाईंपुढं टाकला. गाई तुटून पडल्या, दूधही वाढलं. मग दर खेपेला अण्णाच फोन करून चोथा मागवायला लागले.

परवा डेअरीवर त्यांच्यासोबत उभा होतो. शेजारच्या तात्यांनी आमच्या कॅनमध्ये डोकावून विचारलं, "अण्णा, गाईंना काय चारता वो? लई दूध निघतंय."

"पोराच्या कारखान्यातला माल हाय."

"कसला कारखाना?"

मी मान खाली घातली. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पशुखाद्याचा! अन् त्यातनं जो रस निघतो ना, त्योबी वाया घालवत न्हाई. त्याची बिअर करून पुण्याच्या लोकांना पाजतो."