टाळ्या वाजवायला चेंडू खाली ठेवला

काकू, सुनीताताई, जावईबापू, आणि इथं जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

प्रकाशभाईंनी मला तीन मिनिटं दिली आहेत. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या माणसाला माईकसमोर तीन मिनिटं म्हणजे फार झाली. मी संजय. जे मला ओळखत नाहीत त्यांना एवढंच सांगतो, भटू सरांशी या जिल्ह्यात ज्यानं सगळ्यात जास्त भांडण केलं, तो मी.

सर गेले. मंगळवारी गेले. आणि मला अजून वाटतंय की मागच्या खुर्चीवरून आवाज येईल, "संज्या, सरळ उभा ऱ्हाय."

सर शाळेत पी.टी. शिकवायचे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण सगळीकडे त्यांना ओळखायचे ते पंच म्हणून. बास्केटबॉलचे पंच. आपल्याकडे बास्केटबॉलचे पंच तरी किती? दोन. त्यातले दुसरे लग्नसराईत सापडायचे नाहीत. म्हणून सगळे सामने भटू सर, आणि सगळ्या शिव्याही भटू सर.

आणि घरीसुद्धा पंचच हो! काकूंनीच सांगितलंय मला. भाजीत मीठ जास्त झालं की सर तोंडानं बोलायचे नाहीत. मूठ वळून हात वर करायचे. फाऊल. काकू, हसा तुम्ही, हसा. त्यांना आवडलं असतं. सुनीताताईंच्या लग्नात कुणीतरी 'सावधान'च्या आधीच अक्षता टाकल्या. सरांनी, नवरीच्या बापानं, मांडवात दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मंगलाष्टक पहिल्यापासून! भटजीसुद्धा घाबरले.

पण मला तो सामना सांगायचाय. सांगू का, प्रकाशभाई? सांगतोच.

मी तेव्हा एस. वाय.ला होतो. आमच्या संघाचा कॅप्टन. आंतर-कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना. समोर धडगावकडचा संघ, त्यात हा वेस्ता. तो बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय. आता आश्रमशाळेत सर आहे, पोट सुटलंय, पण तेव्हा नुसता वारा होता. शेवटची अकरा सेकंदं. आम्ही शेहेचाळीस, ते पंचेचाळीस. चेंडू माझ्या हातात. आता सांगा, हा सामना कोण हरेल?

आम्ही हरलो. कसे, ते ऐका.

सामन्याचे प्रमुख पाहुणे दहा वाजता येणार होते. ते पावणेएकला आले. नेमके त्या अकरा सेकंदांत आले. आणि आपल्याकडे पाहुणे आले म्हणजे काय? सगळं बाजूला. माईकवरून सूत्रसंचालक ओरडले, "दोन्ही संघांनी आहे तिथंच थांबून पाहुण्यांचं टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करावं!" वेळ बघणारे गुरुजी टेबल सोडून शालीचं ताट धरायला धावले. घड्याळ चालूच, त्यांच्या खिशात. आमचे पाचही जण वळून टाळ्या वाजवायला लागले. मीही. पण चेंडू हातात असताना टाळ्या कशा वाजवणार? मी चेंडू खाली ठेवला.

हो, खाली ठेवला. जमिनीवर. नीट, गडगडू नये असा.

वेस्तानं तो उचलला. दोन टप्पे, एक उडी, आणि बास्केट. तिकडे पाहुण्यांच्या एका खांद्यावर शाल, दुसरा खांदा उघडा, हातात नारळ, आणि इकडे भटू सरांनी दोन बोटं वर केली. दोन गुण! सत्तेचाळीस–शेहेचाळीस.

मी धावलोच सरांच्या अंगावर. म्हटलं, सर, सामना थांबला होता!

सर म्हणाले, "कोणी थांबाडा?"

म्हटलं, माईकवरून सांगितलं ना!

"माईक पंच शे का? शिट्टी मी वाजाडी का? नही ना? मंग तू बॉल खाले का बरं ठेवा?"

"सर, टाया वाजाडाले दोन हात लागतस ना!"

"मंग वाजाड टाया," सर म्हणाले. "भारी बास्केट मारं त्यानी."

मंडळी, असा राग मला आयुष्यात परत आला नाही. आमचे पालक मैदानात, त्यांचे पालक मैदानात. एक जण म्हणत होता बास्केट रद्द करा, दुसरा म्हणत होता अकरा सेकंदं पुन्हा खेळवा, तिसरा म्हणत होता आधी पाहुण्यांचा सत्कार पूर्ण होऊ द्या. आणि तो झाला बरं का! पाहुण्यांनी तिथंच खिलाडूवृत्तीवर भाषण केलं. त्यांच्या मागं आम्ही एकमेकांच्या बनियनी फाडत होतो.

सर शांत. त्यांनी गुरुजींच्या खिशातून घड्याळ काढून घेतलं, वेळ संपली होती. म्हणाले, बास्केट पडली तेव्हा सात सेकंदं शिल्लक होती, मी मनात मोजत होतो, ती यांना परत. मग वेस्ताचे लोक चिडले. म्हणजे आता दोन्हीकडचे लोक सरांवर चिडलेले. सगळ्या मैदानात सरांच्या बाजूनं एकटे सर.

सात सेकंदं खेळली गेली. शेवटचा शॉट मी मारला. रिंगवर आपटून बाहेर आला. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगत नव्हतो. दुकानात गिऱ्हाइकाला सामना सांगताना मी सत्काराशीच थांबायचो.

आता जे सांगायचंय, त्यासाठी मी आज इथं उभा आहे.

त्या संध्याकाळी मी एक तक्रार अर्ज लिहिला. त्यात लिहिलं, "पंचांनी शिट्टी वाजवून सामना थांबवला होता, ती शिट्टी मी स्वतः ऐकली." खाली सही केली. संघातल्या सगळ्यांकडून सह्या घेतल्या. अर्ज वर गेला. निकाल काही बदलला नाही. पण पुढची दोन वर्षं सरांना एकाही अंतिम सामन्याला बोलावलं नाही. दोन वर्षं! ज्या माणसाला भाजीतलं मीठसुद्धा हातवारे करून सांगायची सवय, तो घरी बसला.

घरी तरी कुठं बसले म्हणा. जीपमध्ये चेंडूंची जाळी टाकून मोलगीला जायचे, तोरणमाळला जायचे. आश्रमशाळांमध्ये सागाच्या खांबांना रिंगा ठोकून पोरांना खेळ शिकवला. पण म्हणून माझा अर्ज चांगला ठरत नाही. ते सरांचं मोठेपण. माझं काय?

मी तीन वेळा गेलो त्यांच्याकडे. सांगायचंच म्हणून गेलो. पहिल्यांदा काकूंनी चहा दिला, दुसऱ्यांदा कळण्याची भाकर आणि ठेचा दिला. तिसऱ्यांदा सरांनी दारातच विचारलं, "काय कामले उना रे?" आणि मी म्हणालो, "काही नही सर, असाच." मग त्यांनी मला तासभर नवे नियम समजावून सांगितले. मी मान डोलावली आणि निघून आलो. भाकर खाऊन, चहा पिऊन, खोटं तसंच पोटात ठेवून.

काकू, शिट्टी वाजली नव्हती. मी ऐकली नव्हती, कारण ती वाजलीच नव्हती. सरांचा निर्णय बरोबर होता. वेस्ता, तुझे दोन गुण बरोबर होते. मला पाहुण्यांसोबत फोटोत यायचं होतं, म्हणून मी सगळ्यात आधी वळलो. मी खोटं लिहिलं. मला माफ करा.

काकू... तुम्ही मान का हलवताय? तुम्हाला माहीत होतं?

थांबा, मागच्यांना ऐकू आलं नसेल. काकू म्हणतायत, सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अर्ज त्यांनी वाचला होता. काकू चिडल्या, तर सर म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे. पोऱ्या एक दिन येई, सोताच सांगी."

प्रकाशभाई, तीन मिनिटं कधीच होऊन गेली. सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मी आधी एवढंच बोलून घेतो.

सर, उनू मी. उशीर व्हयना.