चिमट्यातली कोळंबी

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बापलेक बसले होते. टेबलाशी नोंदी करणाऱ्या नर्सच्या कानावर त्यांचं बोलणं पडत होतं.

“बाबा, तो मासा दुकानात परत देऊन टाका. नऊ दिवस उपाशी आहे.”

“तुझ्या आईने हौसेने आणलाय. ऑपरेशननंतर शुद्धीवर आली की आधी त्याचंच विचारेल.”

“खातोय म्हणून सांगा.”

“खोटं नाही सांगणार.”

“दाणे झाले, गोठवलेले किडे झाले. तोंडात घेतो आणि थुंकतो. आता काय उरलं?”

“आज कोळंबीचा कण लसणाच्या रसात भिजवला, माझ्या घड्याळाच्या चिमट्यात धरला आणि टाकीतल्या खाऱ्या पाण्यात हलवत राहिलो. जिवंत वाटावा म्हणून.”

“किती वेळ?”

“पाऊण तास. जन्मभर घड्याळंच दुरुस्त केली, हाताला सवय आहे.”

“मग?”

“दोनदा आला आणि तोंड फिरवून गेला. तिसऱ्यांदा गिळला. मग आणखी दोन खाल्ले.”

“अहो, मग मला फोन नाही करायचा?”

“आधी तिला सांगायचं होतं.”

टेबलावरचा फोन वाजला. नर्सने ऐकून घेतलं आणि ती त्यांच्याकडे वळली.

“काका, काकू शुद्धीवर आल्यात. काहीतरी विचारतायत, पण आत कुणाला कळत नाहीये.”

“मला कळेल,” म्हणत ते उठलेसुद्धा.