मला मोजा

टिटवी : ...आणि महापौर म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे असतील त्यांनी उभं राहावं!" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले!

बेडक्या : अगं हळू, फरशी ओली आहे, आपटशील. आपला पोहण्याचा तलाव राहिला की गेला, एवढंच बोल.

टिटवी : असं नाही! क्रमाने ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल.

बेडक्या : इथे माझ्या पोटावर आलंय आणि फुटतंय तुझं! सकाळीच साहेबांचा फोन होता. घरपट्टीची वाढ नामंजूर झाली की तलावाला बजेटात पैसे नाहीत. व्हॉल्व्ह फिरव, पाणी सोडून दे, कुलूप लाव, किल्ली आणून दे. पाना घेऊनच बसलोय बघ.

टिटवी : फिरवलास?

बेडक्या : हातच होईना.

टिटवी : मग ऐक! मी गॅलरीत, पहिल्या रांगेत. खाली बरोबर नाकासमोर आत्या.

बेडक्या : तुझी नगरसेविका आत्या? मेलो. "घरपट्टी वाढू देणार नाही" हे तिचंच पोस्टर ना?

टिटवी : तीन निवडणुका तेच पोस्टर! फोटोसुद्धा तोच, लग्नाआधीचा! आणि सभागृहात तिची एक सवय आहे. घरपट्टीचा विषय निघाला की बाकाखाली चपला काढते आणि ऐसपैस टेकून बसते. तिने चपला काढल्या म्हणजे विषय संपला, हे शिपायांनासुद्धा पाठ आहे.

बेडक्या : आज?

टिटवी : आजही काढल्या! मी मनात म्हटलं, बेडक्याचं दुकान बंद. सचिव मोजायला लागले. एक जण कमी पडत होता रे, एकच!

बेडक्या : म्हणजे गेलंच की! मग एवढी नाचत काय आलीस?

टिटवी : मधे बोलू नकोस! इतक्यात मला बाकाखाली तिचे पाय दिसले. चपला शोधत होते! वर चेहरा ढिम्म, आणि खाली पायांची नुसती धांदल! एक चप्पल सापडली, दुसरी गेलेली पुढच्या बाकाखाली. मी कठड्यावरून ही अशी लोंबकळतेय, आणि शिपाईकाका माझी पिशवी धरून मला मागे ओढतायत!

बेडक्या : मग? अगं, मग?

टिटवी : उठली! एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, बाकाला धरून. तिचे गुडघे आधीच दुखरे. आणि महापौर काय म्हणावेत? "बाई, बाहेर जायचं असेल तर मतदान होऊ द्या."

बेडक्या : काय सांगतेस!

टिटवी : सचिव तर तिला सोडून पुढे मोजत गेले! ती घरपट्टीसाठी उभी राहिलीय, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना! तेव्हा आत्या म्हणाली, "मी कुठेही जात नाहीये. मला मोजा."

बेडक्या : मग मोजलं का तिला?

टिटवी : अरे, राहिला! घरपट्टी मंजूर, बजेट मंजूर, तुझा तलाव राहिला!

बेडक्या : आधी हा पाना धर. नकोच तो माझ्या हातात.

टिटवी : बाहेर तिच्या पक्षातलं कुणी तिच्याशी बोललं नाही. एक जण तर जाता जाता म्हणाला, "पुढच्या वेळी घरीच बसा." मी विचारलं, आत्या, असं झालं तरी काय तुला? तर म्हणते, "काल एका पोराने मला दम भरला."

बेडक्या : काल?

टिटवी : काल. का रे? तोंड का उतरलं तुझं?

बेडक्या : काल एक बाई आल्या होत्या. काठावर बसल्या, चपला काढून, पाण्यात पाय सोडून. त्या गुडघेदुखीवाल्या आज्या पाण्यात चालतात ना, त्यांच्याकडे बघत होत्या. कितीतरी वेळ. मी शिट्टी मारली.

टिटवी : आणि?

बेडक्या : म्हटलं, "काकू, उतरायचं तर उतरा, नाहीतर उठा. काठ अडवून बसू नका."

टिटवी : बेडक्या! तू माझ्या आत्याला ओरडलास?

बेडक्या : मला काय माहीत! पोस्टरवरची बाई किती वेगळी दिसते!

(दारात आत्या. चपला हातात, काखेत टॉवेल.)

आत्या : टिटवे, तुझा आवाज पार रस्त्यापर्यंत येतोय.

टिटवी : आत्या! तू इथे? तिकडे सगळे तुला शोधतायत!

आत्या : शोधू देत. शिव्या काय, उद्याही मिळतील.

बेडक्या : मॅडम, काल मी... म्हणजे, मला खरंच...

आत्या : काकूच म्हण, तेच बरं होतं. शिट्टी आहे ना गळ्यात?

बेडक्या : आहे.

आत्या : मग नजर ठेव माझ्यावर. पोहता येत नाही मला. उथळ बाजू कुठली रे?