अर्धी बाटली

(दवाखान्याच्या व्हरांड्यातलं बाकडं. निवृत्त ग्रंथपाल धम्मानंद आणि त्यांच्या पत्नी भीमाबाई. समोर काठीवर भार देऊन उभे गांधीबागचे कापडवाले चंपतराव.)

भीमाबाई : अवो, बोला ना काही. ते चालले.

धम्मानंद : पण भीमा, आमची ओळख आज सकाळची. काय म्हणून अडवू?

भीमाबाई : अर्ध्या बाटलीचे पार्टनर आहे तुम्ही. आखडलेले हातपाय सैल करायच्या इंजेक्शनची बाटली उघडली का त्याच दिवशी संपवा लागते. अख्खी अठरा हजाराची, एकट्याले झेपत नाही. ते गेले का आपण तसेच वापस घरी सक्करदऱ्याले.

धम्मानंद : नमस्कार. आपण... निघालात का?

चंपतराव : हो साहेब. दुकानात काम निघालं.

भीमाबाई : दुकान पोरगा पाहते, आताच सांगतलं तुम्ही.

चंपतराव : वहिनी, पाय आखडलेला हाय तेच बरं हाय. लोक रस्ता देते. आन् आमच्या धंद्यात गिऱ्हाईक उठलं तर कापडाच्या थानाची घडी करून ठेवतो आम्ही. कोणी रागावत नाही.

भीमाबाई : बाटलीची घडी कशी करू?

धम्मानंद : मला पुस्तक धरता येत नाही हो. लकव्याचा झटका आल्यापासून ही मूठ उघडतच नाही. पान उलटायला गेलो की पुस्तक मिटतं. भीमा धरते, पण ती माझ्याआधीच पान उलटते.

भीमाबाई : किती हळू वाचता तुम्ही.

चंपतराव : सुई केवढी राहते, साहेब?

धम्मानंद : मी पाहिली नाही. डोळे मिटून घेणार आहे.

चंपतराव : म्हणजे तुम्ही बी घाबरून राहिले?

धम्मानंद : फार.

चंपतराव : मंग आधी काहून नाही सांगतलं? मले वाटलं मी एकटाच हावो.

भीमाबाई : दोघं सोबतच जा आत. डॉक्टरीणबाईले मी सांगतो.

धम्मानंद : आधार हवा असेल तर माझ्या मुठीत बोट घाला. मी भित्रा आहे, पण मूठ पक्की आहे.

चंपतराव : बसते का? हां, बसलं. चला.

(दोघं आत जातात. थोड्या वेळानं बाहेर येतात; बोट अजून मुठीतच.)

भीमाबाई : आले बी? झालं?

चंपतराव : झालं ना वहिनी. सुई समजलीच नाही. सारा जीव या बोटात होता. सोडा आता बोट, साहेब.

धम्मानंद : क्षमा करा, मूठ उघडत नाही. औषधाचा गुण यायला पाच-सहा दिवस लागतात म्हणाल्या डॉक्टर.

चंपतराव : बरं. मंग जेवाले आमच्याकडेच चला.